ठोका वेगळा, बोल वेगळे : गच्चीवरच्या बारा रविवारांच्या नोंदी (सोलापूर, जून ते ऑगस्ट २०२४)

९ जून, रविवार

आधी थोडं सांगतो. मी काही संगीत शिक्षक नाही, चादर-टॉवेलच्या एका पेढीत हिशोब लिहितो. लहानपणी तबल्याच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिल्या, मग सुटलं ते सुटलंच. गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या लेझीम पथकात नवीन पोरांनी मिरवणुकीत जो गोंधळ घातला तो बघून अध्यक्ष म्हणाले, "तुम्हाला तबला येतो ना, मग घ्या की पोरांना दोन-तीन महिने आधी, बाकी काही नको, नुसता ठोका शिकवा." नुसता ठोका! म्हटलं दोन रविवारचं काम आहे.

जागा म्हणजे अशोक चौकाजवळ आमच्या बिल्डिंगची गच्ची. वेळ सकाळी सात ते सव्वाआठ, त्यानंतर ऊन बसू देत नाही. फी नाही. अकरा जण आले, त्यात नऊ पोरं (वय ८ ते १३), एक कॉलेजचा मुलगा ज्याला गिटार शिकायचीय आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. काकू भजनी मंडळात टाळ वाजवतात आणि तिथे सगळे त्यांना "तुम्ही पळता" म्हणतात, म्हणून त्या आल्या.

पहिल्याच दिवशी घाण केली. फळा घेऊन वर गेलो, त्यावर चार शब्द लिहिले, ताल, लय, मात्रा, ठेका, आणि चाळीस मिनिटं समजावत बसलो. शेवटी एकाला विचारलं, ताल म्हणजे काय रे? तो म्हणाला, "टाळ्या." आता ह्याला चूक तरी कसं म्हणणार, आपण घरात "ताल धर" म्हणतो तेव्हा टाळ्याच वाजवायला सांगत असतो की. आणि गिटारवाल्याने व्हिडिओ बघून बघून डोक्यात "रिदम म्हणजे ताल" बसवलंय, म्हणजे त्याचा ताल वेगळा आणि ह्या पोराचा वेगळा. मी तिसराच सांगत होतो, तबल्यातला, सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा.

मग फळा बाजूला ठेवला आणि म्हटलं, चला, गणपती बाप्पा मोरया म्हणा आणि टाळीने ठोका द्या. अकराच्या अकरा जणांनी नऊ टाळ्या वाजवल्या. ग-ण-प-ती, बा-प्पा, मो-र-या. प्रत्येक अक्षराला एक. मी म्हटलं चूक. तर एक चष्मेवाली मुलगी म्हणते, "पण सर, सगळ्यांचं एकदम जमलं की!" आणि खरंच जमलं होतं, एकही टाळी मागेपुढे नाही. सगळे मिळून एकच चूक करत असले की ऐकायला ते छान लागतं, हे माझ्या लक्षात यायला घरी जाऊन फोनवरचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकावं लागलं.

१६ जून, रविवार

शब्द कमी केले. ताल, लय हे दोन्ही शब्द गच्चीवर बंद. आता फक्त दोनच, "ठोका" आणि "बोल". घड्याळासारखं सारख्या अंतराने चालतं ते ठोका, त्याच्या अंगावर कुठे दाट कुठे पातळ पडतात ते बोल. शास्त्रात कुणी पकडलं तर पकडू दे.

मेट्रोनोमचं (ठरवलेल्या स्पीडने टिक-टिक ठोके देणारं) फुकटचं अ‍ॅप आहे त्यात आवाजासोबत स्क्रीनवर एक लाल ठिपका पण उडतो. गच्चीवर आवाज पुरणार नाही म्हणून ब्लूटूथ स्पीकर आणला, १,३५० रुपये. टॅब स्टुलावर ठेवला, स्पीकर कठड्यावर, आणि सांगितलं ह्याच्याबरोबर टाळी. पंचवीस मिनिटं काही केल्या जमेना. डाव्या बाजूची पोरं आधी, उजवीकडची नंतर, दोन्हींचं आपापल्यात एकदम. मी डावीकडच्यांना झापलं, मग उजवीकडच्यांना झापलं. काकू म्हणाल्या, "अरे बाबा, तुझा तो लाल दिवा आधी उडतो आणि आवाज मागून येतो." मी म्हटलं, काकू, तुम्हाला तसं वाटतंय.

संध्याकाळी घरी बघितलं तर काकूंचंच खरं. टॅबच्या स्वतःच्या स्पीकरवर ठिपका आणि आवाज एकत्र, ब्लूटूथ जोडला की आवाज सरळसरळ मागे. टॅबसमोरची पोरं डोळ्याने चालली होती, स्पीकरजवळची कानाने. जे कुणी हे करणार असतील त्यांच्यासाठी, नुसता आवाजच वापरणार असाल तर ब्लूटूथने काही बिघडत नाही कारण सगळेच ठोके सारखेच उशिरा येतात. दिवा बघत ऐकणार असाल किंवा स्क्रीनवर बोट मारून त्याच्याबरोबर काही वाजवणार असाल तर वायर लावा. वायर ९० रुपयांची आहे. पोरांची माफी पुढच्या रविवारी मागितली, त्यांना काही सोयरसुतक नव्हतं.

२० जून, गुरुवार, घरी

अजून एक चूक सापडली. मी स्पीड ६० ठेवला होता, म्हणजे सेकंदाला एक, कारण मला वाटलं हळू म्हणजे सोपं. स्वतः चालून बघितलं तर ६० ला चालताच येत नाही, पाय उचलून हवेत थांबावं लागतं. दोन ठोक्यांत इतकी मोकळी जागा राहते की नवशिक्या माणूस ती भरायला काहीतरी जास्तीचं वाजवतोच. ९६ ला आपोआप चाललं जातं. तबल्यात पण विलंबित (अगदी संथ) शेवटी शिकवतात, सुरुवातीला नाही, हे मला माहीत असून सुचलं नाही.

२३ जून, रविवार

आजपासून टाळी बंद, पाय चालू. जागेवरच कदमताल, मेट्रोनोम ९६ वर, वायरने. दहा मिनिटं फक्त पाय, तोंडाने काही नाही. छोटी पोरं कंटाळली पण पाय एक झाले. मग पाय तसेच चालू ठेवून वरून मोरया म्हणायचं, असं:

पाय : ठोका – ठोका – ठोका – ठोका
तोंड : गणपती – बाप्पा – मोरया – (गप्प)

पहिल्या पायात चार अक्षरं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात काहीच नाही. खडूने गच्चीवर चार चौकोन काढून अक्षरं त्यात लिहिली. हे आधीच करायला पाहिजे होतं, इथे पहिल्यांदा पोरांच्या चेहऱ्यावर "हां!" असं काहीतरी दिसलं. धाकट्याने चौथ्या रिकाम्या चौकोनात उभं राहून विचारलं, "इथं काय म्हणायचं?" काही नाही म्हणायचं. "मग पाय कशाला टाकायचा?"

त्याचा प्रश्न बरोबर आहे आणि सगळं दुखणं तिथंच आहे. कारण तिसऱ्या चौकोनानंतर अकरापैकी नऊ जणांचा पाय थांबत होता. तोंड गप्प झालं की पाय पण गप्प. म्हणजे ते पायाने पण बोलच वाजवत होते, ठोका नव्हताच. बोल थांबले तरी जो थांबत नाही तो ठोका, एवढं एकच वाक्य मी आज सांगितलं.

मग ह्याची टेस्टच केली, गॅप टेस्ट. अ‍ॅपमध्ये मधले ठोके म्यूट करायची सोय आहे. आठ ठोके वाजणार, आठ गप्प, परत आठ वाजणार. गप्प असताना डोळे मिटून पाय चालू ठेवायचे आणि आवाज परत आला की पाय त्याच्यावर पडला पाहिजे. एकेकाची घेतली. निकाल : ११ पैकी २. चष्मेवाली आणि काकू. हो, काकू. भजनात पळणाऱ्या काकू. माझी नव्हती घेतली, घरी घेतली, पहिल्या वेळी मी पण अर्धा ठोका आधी आलो.

३० जून, रविवार

पाऊस. गच्ची बंद, जिन्यात अकरा जण मावत नाहीत. क्लास नाही.

७ जुलै, रविवार

मेट्रोनोमशिवाय किती टिकतं ते बघितलं. ९० वर सुरू करून दिलं, बंद केलं, दोन मिनिटांनी अ‍ॅपवर बोटाने टॅप करून स्पीड मोजला तर ११८! कुणालाच कळलं नव्हतं की आपण पळालोय. गिटारवाला पैजेवर सांगत होता की स्पीड तोच होता.

सगळ्यात पुढे कोण पळतं ते शोधायला एकेकाला बाहेर काढून करून बघितलं, त्यात अर्धा तास गेला आणि काही निष्पन्न नाही, कारण एकेकटा कुणीच फार पळत नाही. घोळक्यात प्रत्येकजण शेजाऱ्यापेक्षा मागे पडू नये म्हणून केसभर आधी पाय टाकतो, आणि अकरा केसभर मिळून ११८ होतात.

काकूंचं कोडं मात्र आज सुटलं. त्यांचा पाय पक्का आहे हे टेस्टमध्ये दिसलंच होतं, मग भजनात काय होतं? त्यांना टाळ घेऊन यायला सांगितलं होतं. आधी "विठ्ठल विठ्ठल" नुसतं म्हणत वाजवलं, एकदम सुरेख. मग एक जरा दाट शब्दांची ओळ म्हणायला लावली, आणि लगेच दिसलं. शब्द दाट आले की हात शब्दांमागे पळतो, टाळ अक्षरांवर पडायला लागतो. पाय चालू ठेवून वाजवा म्हटलं तर दोनदा अडखळल्या, तिसऱ्यांदा बसलं. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बावीस वर्षं झाली मला टाळ हातात घेऊन, एकानं सांगितलं नाही की पळते म्हणजे नेमकं काय करते."

१३ जुलै, शनिवार संध्याकाळ

पोरांमधल्या एकाचे वडील लूमवर आहेत. मालकाला विचारून पाच पोरांना यंत्रमाग बघायला नेलं. मला वाटलं होतं ठोका म्हणजे काय हे दाखवायला सोलापुरात ह्यापेक्षा चांगली गोष्ट नाही, न थांबता, न पळता चालणारा खटखटाट, पूर्व भागात तर त्यावरच झोप लागते आणि तो थांबला की जाग येते.

तीस सेकंदात किती ठोके ते मोजायला सांगितलं. एका मागासमोर पाच पोरं. उत्तरं आली : एकाचे २७, दोघांचे ५५, दोघांचे १०९. मी कपाळावर हात मारला. आवाजात तर बोलणं पण ऐकू येत नव्हतं, बाहेर येऊन भांडणं सुरू. "तू झोपलेला होतास बे!" "तूच डबल मोजायलास!"

मग त्या लूमवाल्यांच्या पोराने समजावलं, मी नाही. तो म्हणाला धोटा (आडवा धागा घेऊन मागात धावतो तो) ह्या टोकापासून त्या टोकाला गेला की एक, वडील तसंच मोजतात, ते ५५. ज्याने २७ मोजले त्याने धोटा जाऊन परत आला की एक धरलं. आणि १०९ वाल्यांनी प्रत्येक खट मोजला, धोट्याला फटका बसतो तो एक खट आणि फणी येऊन कापडावर आपटते तो दुसरा. २७, ५५, १०९, एकमेकांच्या दुपटीत आहेत, एखाददुसरा इकडेतिकडे. तिन्ही उत्तरं बरोबर होती!

इतके दिवस मी असं शिकवत होतो की ठोका ही एक ठरलेली गोष्ट आहे आणि ती ज्याला सापडली तो पास. तसं नाहीये. एकाच आवाजात हळू ठोका पण बसतो, त्याच्या दुप्पट पण बसतो, आणि कुठला धरायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. लेझीममध्ये गेल्या वर्षी जो गोंधळ झाला तो मला वाटतं हाच होता, हलगीचा एकच ठेका ऐकून अर्धी पोरं हळूवर चालत होती आणि अर्धी दुपटीवर. कुणी बेताल नव्हतं, ठरलेलं नव्हतं.

तीन माग एका रांगेत होते त्यांचा स्पीड थोडा थोडा वेगळा. दोन मागांचे खट हळूहळू जवळ येतात, काही क्षण एकच वाटतात आणि परत सुटतात. चष्मेवाली त्याच्यासमोर खिळून उभी होती. निघताना मालकाने सगळ्यांना चहा पाजला, कानात अर्धा तास शिट्टी वाजत होती. पुन्हा नेलं तर कानात घालायला कापूस नेणार.

१४ जुलै, रविवार

बुधवारी आषाढी. निम्मी घरं पंढरपूरला गेलेली किंवा निघायच्या गडबडीत, काकू पण गेल्या. चौघंच आले. कालचंच बोललो, नवीन काही घेतलं नाही.

२१ जुलै, रविवार

नियम केला, काहीही सुरू करायच्या आधी एक जण ओरडून सांगणार "पाय कुठला?" आणि चार पाय टाकून दाखवणार, मग बाकीचे. साधी गोष्ट आहे पण भांडणं संपली.

दोन गट केले. सहा जण पायाने ठोका, पाच जण टिपऱ्यांनी मोरयाचे बोल (टिपऱ्या ११ जोड, ४० ला एक जोड, ४४० रुपये). पाच मिनिटं झकास चाललं, मी खूश. मग ओरडलो "बदला!" आणि सगळं कोसळलं. जे पायावर होते ते टिपऱ्या घेऊन ठोकाच वाजवायला लागले, बोलवाले पायाने नऊ पावलं नाचायला लागले. चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा तेच. चूक माझी, बदलायच्या आधी सगळ्यांनी दोन ओळी नुसता पाय, असा मधला टप्पा ठेवायला पाहिजे होता. तो ठेवल्यावर सातव्या प्रयत्नाला जमलं.

आजची खरी मजा वेगळीच. आमच्यात तीन पोरं घरी तेलुगू बोलणारी आहेत. एकाला आठपर्यंत मोजत पाय टाकायला सांगितलं तर तो मनात तेलुगूत मोजत होता. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु, एनिमिदि. मला ऐकू आलं तसं म्हटलं, थांब, मोठ्याने म्हण. आपलं मराठी एक-दोन-तीन-चार म्हणजे एका पायाला जेमतेम एक-दीड अक्षर, त्यात ठोका आणि बोल वेगळे दिसतच नाहीत. आणि तेलुगूत पहिल्या पायाला तीन अक्षरं, दुसऱ्याला दोन, आठव्याला तर चार, ए-नि-मि-दि! पाय तेच आठ. सगळ्यांना शिकवलं, काकूंपासून धाकट्यापर्यंत सगळे तेलुगूत आठ पावलं चालले, आणि टाळीने बोल वाजवा म्हटलं की एनिमिदिला चार टाळ्या बरोबर येत होत्या. कन्नडवाल्या पोरीने ओंदु-एरडु पण करून दाखवलं. फळ्यावर चाळीस मिनिटांत जे झालं नाही ते इथे पाच मिनिटांत झालं. सोलापुरात शिकवणाऱ्यांनी हे जरूर करावं, पोरं तीन भाषा घेऊनच येतात, आपण त्या दाराबाहेर ठेवायला लावतो.

२८ जुलै, रविवार

दुगुन. म्हणजे ठोका तोच आणि बोल दुप्पट दाट. केरवा (आठ मात्रांचा ताल) घेतला, धा गे ना ति न क धि न, पायाला एक बोल, स्पीड ८४. मग म्हटलं आता दुप्पट. सगळे गच्चीवर धावायला लागले. शब्दशः धावायला. पाय पण दुप्पट! खालच्या मजल्यावरून भांडं आपटल्याचा आवाज आला, तो आमच्यासाठी होता.

"दुप्पट" म्हटलं की पोरांना (आणि गिटारवाल्याला) स्पीड वाढवायचाय असंच वाटतं. जोड्या लावून बघितल्या, समोरासमोर उभं राहून दोन्ही हात धरायचे, दोघांनी पाय एकत्र टाकायचे, बोल एकानेच म्हणायचे. बोलणारा दुगुनीला गेला आणि त्याचा पाय पळायला लागला की समोरच्याच्या हाताला हिसका बसतो. मला काही सांगावं लागत नाही, पोरंच एकमेकांना "थांब बे" म्हणतात. अकराव्याचा जोडीदार मी. चार जोड्यांचं आजच जमलं. बाकीच्यांचं पुढे.

४ ऑगस्ट, रविवार

पोरांचं एक होतं, जो जोरात येतो तोच ठोका असं त्यांना वाटतं, हळू आवाजाचा किंवा बिनआवाजाचा मोजायचाच नाही. म्हणून त्रिताल काढला. सोळा मात्रा, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, नवव्याला खाली, म्हणजे टाळी नाही, हात नुसता बाजूला टाकायचा. धाकटा लगेच, "खाली म्हणजे सुट्टी ना सर?" आणि सगळ्यांनी सुट्टी घेतली. नवव्या मात्रेला हात हवेत आणि पाय पण हवेत, मग दहावी कुठे टाकायची ते कुणालाच माहीत नाही.

आधी लक्षात आलं नाही की चप्पल काढून चालत असल्यामुळे पायाचा आवाजच येत नव्हता, कुणाचा पाय चुकतोय ते ना मला ऐकू येत होतं ना त्यांना. चपला घालायला लावल्या. मग खालीला हात गप्प, टाळी गप्प, आणि सगळ्यांच्या चपलांचा एकच "फट" असा आला. तो एकदा ऐकला आणि मग सुट्टी बंद झाली. ठोका गेला नाही, फक्त त्यावरचा बोल गेला.

गॅप टेस्ट परत : ११ पैकी ६. गिटारवाला अजून नापास, आणि त्याला ते लई लागलंय.

११ ऑगस्ट, रविवार

बादल्यांवर (रंगाच्या रिकाम्या, फुकट) बोल बसवायचा बेत होता. दहा मिनिटांत खालचे आजोबा वर आले, त्यांचंही बरोबर आहे, रविवारी सकाळी सव्वासात वाजता बादल्या. परत टिपऱ्या. दुगुनीच्या राहिलेल्या जोड्या केल्या.

१८ ऑगस्ट, रविवार

मंडळाच्या लेझीमा आणल्या. पहिल्यांदाच हातात. उद्या नारळी पौर्णिमा, मार्कंडेय रथोत्सव (इथल्या तेलुगू विणकर समाजाची रथाची मिरवणूक), त्यामुळे तेलुगू घरांतली तिघं गैरहजर, त्यांच्याकडे कालपासूनच धामधूम.

उरलेल्यांना चार मोजांची साधी स्टेप दिली आणि पुन्हा ९ जूनला गेल्यासारखं झालं. लेझीम उघडली की एक छन्, मिटली की दुसरा छन्, आणि पोरांनी प्रत्येक छन्‌ला पाय टाकायला सुरुवात केली. मला घाम फुटला. पण ह्या वेळी मला काही बोलायची पाळी आली नाही, लूम बघायला आलेल्यांपैकी एक ओरडला, "ए, हे धोट्यासारखंच हाय की, दोन खट, एक पाय!" पाच-सात मिनिटांत सावरलं. १३ जुलैच्या संध्याकाळचे पैसे वसूल झाले, पैसे म्हणजे तसे लागले नव्हतेच, रिक्षाचे तेवढे माझ्या खिशातून.

१९ ऑगस्ट, सोमवार

रथोत्सव बघायला उभा होतो, पण बघत होतो पथकांचे पाय. लांब रांगेचं एक लेझीम पथक गेलं. वादक सगळे पुढे, आणि शेवटच्या ओळीतली पोरं जराशी मागे पडत होती, चुकत नव्हती, सगळी सारखीच मागे. आधी वाटलं सराव कमी. मग हिशोब केला (सवय जात नाही). आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रांग तीस मीटर असेल तर शेवटच्याला हलगी जवळपास ०.०९ सेकंद उशिरा ऐकू येते. चालीचा स्पीड ११० धरला तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदापेक्षा थोडंसंच जास्त अंतर, म्हणजे एक षष्ठांश ठोका नुसता हवेत गेला. पुढच्याचे पाय बघून चाललं तर थोडं सुधारतं, पण गर्दीत पुढच्याचे पाय दिसतात कुठे. आमच्या मंडळाची रांग पण साधारण एवढीच असते.

२५ ऑगस्ट, रविवार

शेवटचा गच्चीवरचा रविवार, पुढचा सराव मंडळाच्या मैदानात, गणपती ७ सप्टेंबरला बसतोय.

गॅप टेस्ट : ११ पैकी ८. गिटारवाला पास, आणि त्याने ते रेकॉर्ड करून घेतलं. राहिलेल्या तिघांत धाकटा आहे, त्याचं आठ ठोक्यांत मन दुसरीकडे जातं, चार ठोक्यांची गॅप दिली तर त्यालाही जमतं, वय आठ आहे, मी सोडून दिलं. उरलेले दोघं आठपैकी सहा-सात ठोके बरोबर राहतात आणि शेवटी घाई करतात. त्यांना रांगेत चष्मेवालीच्या दोन्ही बाजूंना उभं करणार.

मेट्रोनोमशिवाय दोन मिनिटं : ९० वर सुरू, शेवटी ९६. जुलैत ११८ होता.

खर्च : स्पीकर १,३५०, वायर ९०, खडू २०, टिपऱ्या ४४०, सरबत-बिस्किटं अकरा रविवारचे १२० प्रमाणे १,३२०. एकूण ३,२२०. स्पीकर घ्यायलाच नको होता, टॅबचा आवाज पाय नीट वाजायला लागल्यावर पुरला असता. मंडळाने अर्धे देतो म्हटलंय. वेळेचं म्हणाल तर पहिले दोन रविवार पूर्ण वाया आणि ७ जुलैचा अर्धा तास. ९ जूनलाच खडूचे चार चौकोन काढले असते तर सहा-सात रविवारांत झालं असतं असं वाटतं.

काकूंची भजनी मंडळात आता वेगळीच अडचण झालीय. म्हणाल्या, "आधी मला कळायचंच नाही कोण पळतं. आता कळतं, पेटीवाले पळतात. आणि त्यांना सांगायचं कसं, ते वयाने मोठे."

रविवारी संध्याकाळी अध्यक्षांना भेटलो आणि हलगीवाल्याला पुढे न ठेवता रांगेच्या मधोमध उभा करू असं सुचवलं, म्हणजे आवाजाचा उशीर दोन्हीकडे निम्मा होईल. हिशोब पण दाखवला. अध्यक्षांचं म्हणणं, हलगी पुढेच पाहिजे, मध्ये उभी केली तर फोटोत येत नाही. शुक्रवारी परत बोलणार आहे, हलगीवाला माझ्या बाजूने आहे.